अमेरिकी एअरलाइनचा पायलट-करार कसा वाचायचा: नंबर, पायरी आणि पहिल्या वर्षाचा पगार

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना सेवाज्येष्ठता समजावून सांगावी लागत नाही. आंतरजिल्हा बदली घेतली की नव्या जिल्ह्याच्या यादीत शेवटून सुरुवात, हे तिथे प्रत्येकाला पाठ असतं. निदान पगार तरी शाबूत राहतो. अमेरिकी एअरलाइनमध्ये तेवढीही सोय नाही. पंधरा वर्षं कॅप्टन म्हणून काढलेला माणूस कंपनी बदलतो तेव्हा यादीतला तळाचा नंबर, उजवी सीट (सहवैमानिकाची, म्हणजे फर्स्ट ऑफिसरची जागा) आणि पहिल्या वर्षाचा पगार, तिन्ही एकदम पदरात पडतात. म्हणून तिथले पायलट एकमेकांना ‘पॅकेज किती’ याच्या आधी ‘क्लास कधीचा’, म्हणजे ट्रेनिंगच्या कोणत्या तुकडीत रुजू झालात, हे विचारतात.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांच्याकडे अमेरिकेत काम करण्याचा कायमचा हक्क आहे, उड्डाणाचे तास भरत आले आहेत आणि हातात पहिलं किंवा दुसरं ऑफर लेटर पडलं आहे. तासांचा हिशोब थोडक्यात: २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) सर्टिफिकेट लागू लागलं. त्यासाठी १,५०० तास लागतात. मान्यताप्राप्त विमानविद्येच्या पदवीवर १,०००, सहयोगी पदवीवर १,२५० आणि लष्करी पायलटला ७५० तासांवर मर्यादित एटीपी मिळतं.

आधी करार मिळवा, ऑफर लेटर नव्हे

ऑफर लेटर दोन पानी असतं आणि त्यात महत्त्वाचं फारसं काही नसतं. खरा कागद म्हणजे कंपनी आणि पायलट संघटना यांच्यातला सामूहिक करार. डेल्टा, युनायटेडसह बहुतेक ठिकाणी संघटना म्हणजे १९३१ मध्ये स्थापन झालेली एअर लाइन पायलट्स असोसिएशन, बोलीभाषेत ‘आल्पा’. अमेरिकन एअरलाइन्स आणि साउथवेस्टच्या पायलटांच्या स्वतंत्र संघटना आहेत. करार काही शे पानांचा असतो. सगळा वाचायची गरज नाही, पण व्याख्या, मोबदला, सिनिऑरिटी, जागा भरणं, ट्रेनिंग, वेळापत्रक आणि फर्लो (मंदीतली बिनपगारी घरवापसी) ही प्रकरणं सोडू नका.

व्याख्यांचं प्रकरण कंटाळवाणं म्हणून लोक उडवतात आणि तिथेच फसतात. ‘रुजू तारीख’, ‘पायलट म्हणून तारीख’, ‘महिना’ या शब्दांचे अर्थ तिथे ठरलेले असतात. एअरलाइनचा ‘महिना’ कॅलेंडरच्या महिन्याशी जुळेलच असं नाही. काही ठिकाणी तो ३० दिवसांचा, काही ठिकाणी ३१ दिवसांचा धरलेला असतो.

मुख्य कराराच्या मागे जोडपत्रं असतात, त्यांना ‘लेटर ऑफ अॅग्रीमेंट’ म्हणतात. मुख्य मजकुरात एक आकडा आणि जोडपत्रात दुसरा असेल, तर सहसा जोडपत्र खरं. २०२२ मध्ये पायलट मिळेनात तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या छोट्या कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. त्यातला मोठा हिस्सा ठराविक मुदतीपुरताच जाहीर झाला होता. असा वाढीव दर दिसला की मुदतीची तारीख आधी शोधायची.

आणखी एक गोष्ट. १९२६ चा रेल्वे लेबर अॅक्ट १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्यामुळे हे करार ‘संपत’ नाहीत, ‘दुरुस्तीयोग्य’ होतात. कव्हरवरची तारीख उलटून तीन वर्षं झाली असली, तरी नवा करार होईपर्यंत जुनाच चालू राहतो. वाटाघाटी रखडलेल्या कंपनीत जाताना दर तक्त्यातलेच धरा. ‘होईलच लवकर’ हा आकडा कुठल्याच तक्त्यात नसतो.

दोन घड्याळं

गोंधळ इथे सर्वांत जास्त होतो, म्हणून जरा थांबू. प्रत्येक पायलटच्या नावामागे दोन वेगळी घड्याळं चालतात.

पहिलं घड्याळ सिनिऑरिटीचं. हा सरळ एक नंबर असतो: कंपनीत १४,००० पायलट असतील तर १ ते १४,०००. तुमच्या वरचा कुणी निवृत्त झाला, सोडून गेला, वारला, तरच तो वर सरकतो. निवृत्तीचं वय कायद्याने ६५ आहे, त्यामुळे वरच्यांच्या जन्मतारखा पाहून आपला नंबर कोणत्या वर्षी कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. संघटना असे तक्ते सभासदांना देतात. विमान, बेस (ज्या शहरातून ड्यूटी सुरू होते ते), सीट, सुट्टी, महिन्याचं वेळापत्रक सगळं या नंबरावर मिळतं. कौशल्य, तास, ओळख यांचा संबंध नाही.

दुसरं घड्याळ लाँजेव्हिटीचं, म्हणजे पगाराच्या पायरीचं. वर्ष १, वर्ष २ असं करत बहुतेक करारांत वर्ष १२ वर ते थांबतं. ही पायरी रुजू तारखेच्या वाढदिवसाला बदलते, १ जानेवारीला नव्हे.

एरवी दोन्ही घड्याळं एकाच दिवशी सुरू होतात, म्हणून एकच वाटतात. फरक कळतो तो अडचणीत. बिनपगारी रजेवर बरेचदा नंबर चालू राहतो आणि पायरी गोठते. उलटंही होतं: पायलटांची चणचण असताना काही छोट्या कंपन्या बाहेरून येणाऱ्या अनुभवी पायलटला पाचव्या-सहाव्या वर्षाची पायरी देऊ करतात. जाहिरातीत ते ‘तुमचा अनुभव आम्ही मानतो’ असं येतं. मानलेला असतो तो फक्त पगारापुरता, नंबर तळाचाच. सहाव्या वर्षाच्या दराने, दिवाळीच्या रात्री तिसऱ्याच शहरातल्या हॉटेलात फोनची वाट बघत बसायचं, हे मान्य असेल तरच ती ऑफर चांगली.

क्लासमधला क्रम

रुजू तारीख म्हणजे बहुतेक करारांत पहिल्या ट्रेनिंग क्लासचा पहिला दिवस. ऑफरची तारीख नाही, मुलाखतीची तर नाहीच.

एका क्लासमध्ये समजा ४० जण. सगळ्यांची तारीख एकच, मग आपसातला क्रम कसा लावायचा? काही कंपन्या जन्मतारखेने लावतात: वयाने मोठा वर, लहान खाली. त्यामागचा तर्क असा की मोठा आधी निवृत्त होणार, त्यामुळे धाकट्याचं नुकसान कालांतराने भरून निघतं. काही कंपन्या सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांवर क्रम लावतात. कंपनीत आधीपासून दुसऱ्या कामावर असलेल्यांना कधी वरचं स्थान मिळतं. सिनिऑरिटीच्या प्रकरणात यावर एखादा परिच्छेदच असतो, पण त्याचे परिणाम निवृत्तीपर्यंत पुरतात. २४ वर्षांची मुलगी जन्मतारखेच्या पद्धतीत चाळिसावी आली, तर बेस आणि विमानांची यादी फळ्यावर लागते तेव्हा एकोणचाळीस जणांनी निवडून उरलेलं तिच्या वाट्याला येतं. त्या दिवशी काय उरतं? सहसा ज्या शहरात राहणं महाग आणि पोचणं कटकटीचं, तो बेस. न्यूयॉर्क बऱ्याच कंपन्यांत असा बेस आहे.

आता तारखेची किंमत पाहू. कंपनी दर आठवड्याला ४० जणांचा क्लास घेत असेल आणि तुम्ही घरच्या लग्नासाठी तीन आठवडे पुढची तारीख मागितली, तर १२० माणसं कायमची तुमच्या पुढे गेली. पगाराची पायरी फक्त तीन आठवड्यांनी लांबते, ते सोसता येतं. ते १२० नंबर मात्र मंदीत नोकरी राहणं आणि जाणं यातलं अंतर ठरू शकतात. लग्नाला जाऊ नका असं नाही. किंमत माहीत असू द्या.

भारतातल्या एअरलाइनमधून राजीनामा देऊन जाणाऱ्यांना इथे वेगळी अडचण येते. डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कमांडरला वर्षभराची नोटीस द्यावी लागते. अमेरिकेत दोन आठवड्यांची प्रथा आहे. क्लासची तारीख ठरवताना ही तफावत सुरुवातीलाच सांगा, क्लास मिळाल्यावर नको.

दराचा तक्ता

मोबदल्याच्या प्रकरणात तक्ता असतो. उभ्या बाजूला वर्षं, आडव्या बाजूला विमान आणि सीट. जिथे दोन्ही मिळतात तो तुमचा तासाचा दर. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरला विमान कोणतंही असो, दर एकच असतो. म्हणजे क्लासमध्ये बोईंग ७७७ मिळालं म्हणून पहिल्या वर्षी एक डॉलरही जास्त नाही. दुसऱ्या वर्षापासून फरक सुरू होतो आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षातली उडीच सर्वांत मोठी असते.

तरीही मोठ्या विमानाच्या मागे धावताना एकदा बोटं मोजा. एखाद्या बेसवर ७७७ चे १५० फर्स्ट ऑफिसर आणि तुम्ही १४८ वे, हे वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं, कारण मोठ्या विमानावर वरिष्ठ येऊन बसतात आणि हलत नाहीत. त्याच वेळी ७३७ वर ४०० पैकी ३९० वा असलेला माणूस भरती सुरू असेल तर दीड वर्षात अडीचशेच्या आसपास येतो आणि त्याला ठरलेलं वेळापत्रक मिळू लागतं. पूर्ण कंपनीतला नंबर शोभेचा. रोजचं आयुष्य ठरतं ते बेस, विमान आणि सीट यांच्या खणातल्या तुमच्या स्थानावर. शिवाय एकदा विमान घेतलं की ठराविक काळ, बरेचदा दोन वर्षं, दुसरं मागता येत नाही. त्या बंधनाची मुदत कधीपासून मोजतात, हे ट्रेनिंगच्या प्रकरणात बघा: रुजू तारखेपासून की चेक राइड (ट्रेनिंगच्या शेवटची उड्डाण परीक्षा) झाल्यापासून?

पहिल्या महिन्याचा हिशोब

खालचे दर केवळ गणितासाठी घेतले आहेत: तासाला ११० डॉलर, महिन्याची गॅरंटी ७५ तास.

गॅरंटी म्हणजे उडालात किंवा नाही, तेवढ्या तासांचे पैसे. ११० गुणिले ७५, महिन्याला ८,२५० डॉलर, वर्षाला ९९,०००. भरतीवाले ‘वर्षाला इतके कमावतो’ म्हणतात तेव्हा त्यात जादा तास, दुप्पट दराची उड्डाणं, नफ्यातला वाटा असं सगळं मिसळलेलं असतं. घरभाडं ठरवताना गॅरंटीचाच आकडा धरा.

पहिला महिना तुटका असतो. क्लास १७ तारखेला सुरू झाला आणि महिना ३० दिवसांचा, तर १४ दिवस मोजले जातात: ७५ गुणिले १४ भागिले ३०, बरोबर ३५ तास, म्हणजे ३,८५० डॉलर. त्यातून कर. बऱ्याच ठिकाणी पगार महिन्यातून दोनदा होतो आणि प्रत्यक्ष तासांचा ताळमेळ पुढच्या महिन्यात लागतो. त्यामुळे सुरुवातीचे सहा-आठ आठवडे खिशात पैसे ठेवूनच जा.

ट्रेनिंगच्या काळात काय मिळतं, हे स्वतंत्र विचारा. पूर्ण गॅरंटी, कमी दराची गॅरंटी की भत्ता? हॉटेल कोणाचं, खोली एकट्याची की भागीदारीत? सिम्युलेटर लांबला तर पैसे चालू राहतात का? जॉइनिंग बोनस असेल तर तो परत कधी करावा लागतो? वर्षभराच्या आत सोडलं तर सगळा परत, अशी अट अनेकदा असते.

निवृत्ती निधी विसरू नका. मोठ्या कंपन्या पगाराच्या १६ ते १८ टक्के रक्कम स्वतःच्या खिशातून निवृत्ती खात्यात टाकतात, तुम्ही काही टाका न टाका. ती पहिल्या दिवसापासून सुरू होते की काही महिन्यांनी, हे करारात लिहिलेलं असतं. ९९,००० वर १६ टक्के म्हणजे १५,८४० डॉलर; दोन ऑफरमधला फरक कधीकधी इथेच असतो.

उड्डाणाचे तास आणि पगाराचे तास

पगार इंजिन चालू असलेल्या वेळेवर मिळतो, असं ऐकलेलं अर्धंच खरं. चांगल्या करारात चार आकडे काढून त्यातला सर्वांत मोठा देतात. एक चार दिवसांची ट्रिप घेऊ:

ब्लॉक टाइम, म्हणजे विमान गेटवरून हलल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंत: १७ तास ४० मिनिटं.
ड्यूटी रिग, दोन तास ड्यूटीला एक तास पगार: ड्यूटी ३६ तास, म्हणून १८ तास.
किमान दिवस, रोजचे ५ तास १५ मिनिटं: चार दिवसांचे २१ तास.
ट्रिप रिग, बेसबाहेरच्या साडेतीन तासांना एक तास: ७८ भागिले साडेतीन, म्हणजे २२ तास १७ मिनिटं.

क्रेडिट मिळालं २२:१७. ब्लॉकपेक्षा ४ तास ३७ मिनिटं जास्त, ११० च्या दराने सुमारे ५०८ डॉलर. शिवाय बेसबाहेरच्या प्रत्येक तासाला जेवणभत्ता, तो अडीच डॉलर धरला तर १९५. ज्या करारात ट्रिप रिग नाही, तिथे तीच ट्रिप, तेवढ्याच रात्री हॉटेलात, कमी पैशांत होते. म्हणून तासाचा दर तुलनेला अपुरा पडतो. दोन कंपन्यांमध्ये निवड करायची असेल तर एकच नमुना ट्रिप दोन्ही करारांत बसवून पाहा.

उड्डाण रद्द झालं तर काय, हेही इथेच शोधा. काही करार ठरलेलं क्रेडिट कायम ठेवतात आणि बदल्यात दुसरं काम लावायचा हक्क घेतात. तो हक्क किती तासांपुरता, ते वाचा.

रिझर्व्ह

नव्या माणसाचं पहिलं वर्ष बहुतेक रिझर्व्हमध्ये जातं: ठरलेलं वेळापत्रक नाही, फोन आला की जायचं. शॉर्ट कॉलवर साधारण दोन-अडीच तासांत विमानतळावर हजर व्हायचं असतं. एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाच्या नियमाने हा उपलब्धतेचा काळ एका वेळी १४ तासांहून जास्त ठेवता येत नाही. लाँग कॉलवर आधी पुरेशी सूचना मिळते, विश्रांती मिळते, आणि दूरच्या गावी राहणाऱ्याला हाच एक श्वास असतो. लाँग कॉल किती लोकांना मिळतो आणि कंपनी त्याचं रूपांतर शॉर्ट कॉलमध्ये कधी करू शकते, हे विचारा. बेसच्या गावात न राहणाऱ्यांचं सगळं गणित यावर आहे, कारण भागीदारीतल्या खोलीचं भाडं आणि रिकाम्या सीटच्या आशेवरचा प्रवास पगारातूनच जातो.

पैशांकडून पाहिलं तर ४८ तास उडालात तरी ७५ चे मिळतात, ८१ उडालात तर ८१ चे. गॅरंटी कमी होते ती फोन न उचलल्यावर किंवा स्वतः दिवस सोडल्यावर. महिन्यात १८ रिझर्व्ह दिवस असतील तर एका दिवसाची वजावट ७५ भागिले १८, म्हणजे ४ तास १० मिनिटं, सुमारे ४५८ डॉलर. फोन न उचलल्याची नोंद प्रोबेशनमध्ये पैशांहून महाग पडते.

प्रोबेशन, फर्लो आणि विलीनीकरण

प्रोबेशन सहसा बारा महिने. या काळात काढून टाकलं तर संघटनेला तक्रारीची प्रक्रिया बहुधा वापरता येत नाही. लांबच्या आजारपणाने प्रोबेशन पुढे ढकललं जातं का, हे पाहून ठेवा. ट्रेनिंगमधलं अपयश एफएएच्या पायलट नोंदींच्या डेटाबेसमध्ये जातं आणि पुढची कंपनी ते वाचते. सिम्युलेटर जमत नसेल तर जादा सेशन मागण्यात कमीपणा नाही. करारात किती मिळतात ते आधी बघा.

फर्लो म्हणजे मंदीतली सक्तीची बिनपगारी घरवापसी. क्रम उलटा: शेवटचा नंबर पहिला बाहेर. बोलावणंही नंबरानेच. ११ सप्टेंबर २००१ नंतर घरी बसलेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या काही पायलटांना परत बोलावणं यायला दहा वर्षं उलटली. फर्लोच्या प्रकरणात तीन गोष्टी शोधा: परतीचा हक्क किती वर्षं, दुसरीकडे नोकरी धरली तर तो जातो का, आणि पगाराची पायरी चालू राहते का.

विलीनीकरणात दोन याद्यांची एक यादी करावी लागते आणि तिथे भाऊबंदकीच्या वाटणीसारखी भांडणं होतात. २००१ मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए ही एअरलाइन विकत घेतली तेव्हा तिथल्या अनेकांना तळाला जोडलं गेलं. त्यातूनच डिसेंबर २००७ मध्ये मॅकॅस्किल-बाँड कायदा आला. याद्या न्याय्य पद्धतीने जोडायच्या, नाहीतर लवादाकडे जायचं. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एकत्र झाल्या, २००७ मध्ये लवादाने यादी दिली, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून अमेरिकनमध्ये गेल्या तरी त्या यादीचं भांडण सुटलेलं नव्हतं. नव्या माणसाला यातलं एक कलम लागू पडतं. विलीनीकरण जाहीर झाल्यानंतर रुजू झालेल्यांना ‘तुम्हाला माहीत होतं’ असं धरून एकत्रित यादीत बहुधा खालीच बसवतात. कंपनीच्या खरेदी-विक्रीची बातमी आली असेल तर घोषणेची तारीख आणि तुमच्या क्लासची तारीख शेजारी ठेवून बघा.

पहिली पगारपावती

पावती हातात आली की पाच नोंदी करारासमोर ठेवून तपासा: रुजू तारीख, पगाराची पायरी, तुटक्या महिन्याची गॅरंटी, जेवणभत्त्याचे तास आणि निवृत्ती खात्यातली कंपनीची रक्कम. भत्त्याची चूक सर्वांत जास्त होते, कारण ट्रेनिंगच्या शहरात जाण्याचा आणि परतीचा दिवस सिस्टिममध्ये चढत नाही. चूक दिसली तर तोंडी सांगू नका. पगाराचा दावा ठरलेल्या फॉर्मवर टाका आणि त्याचा नंबर जपून ठेवा. दाव्याला मुदत असते, काही करारांत ती मोजक्या आठवड्यांचीच. कंपनीचं उत्तर पटलं नाही तर बेसवरच्या संघटना प्रतिनिधीला तो नंबर पाठवा. दराबद्दलचा दावा प्रोबेशनमध्येही करता येतो का, हेही त्याच निरोपात विचारून घ्या.